कोण कुठल्या खोलीत झोपतं

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे पावणेसहा. कोबे शहरासमोर, सामुद्रधुनीच्या पलीकडे आवाजी नावाचं बेट आहे आणि त्याच्या उत्तर टोकाला होकुदान नावाचं गाव होतं. भूकंपाचं केंद्र तिथून जवळच होतं. जड कौलांची जुनी लाकडी घरं काही क्षणांत खाली बसली आणि सुमारे तीनशे माणसं ढिगाऱ्यात अडकली. बाहेरची मदत पोचायच्या आत गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकानं उकरायला सुरुवात केली. रोज आपापल्या धंद्यात असणारी गावातलीच माणसं ती. कुठलं घर कुठून उपसायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. या घरातली आजी मागच्या खोलीत झोपते, त्या घरातली मुलं माडीवर झोपतात, हे त्यांना पाठ होतं. संध्याकाळच्या आत गावातल्या प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा लागला होता.

त्याच भूकंपाची दुसरी बाजू कोबेत दिसली. भूकंपानं एकूण ६,४३४ बळी घेतले. जे वाचले त्यांच्यासाठी शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर तात्पुरती घरं उभी राहिली. म्हातारी आणि अपंग माणसं आधी, मग बाकीचे, अशी सोडत काढून ती वाटली गेली. हेतू चांगलाच होता. पण एका गल्लीत आयुष्य काढलेली माणसं त्यामुळे दहा दिशांना पांगली आणि अनोळखी भिंतींच्या शेजारी येऊन पडली. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या घरांमध्ये दोनशेच्या वर माणसं एकटी असताना मेली. एकट्यानं येणाऱ्या मृत्यूची चर्चा जपानभर पोचली ती तिथून.

जपानी कुटुंबाबद्दल लिहिताना ही दोन चित्रं शेजारी-शेजारी मांडायचा मोह होतो. जुनं गाव मायेचं, नवं शहर कोरडं. पूर्वी घरं भरलेली होती, आता रिकामी झाली. आपल्याकडे जपानविषयी जे लिहिलं जातं त्यात हा सूर फार लवकर लागतो. मला तो अपुरा वाटतो, आणि त्या घरांमधल्या बायकांवर अन्याय करणाराही वाटतो. आजी मागच्या खोलीत झोपते हे गावाला ठाऊक होतं, कारण तिचं अंथरूण घालणारी, तिला रात्री उठवून नेणारी, सकाळी तिच्यासाठी पेज करणारी एक सून त्या घरात होती. नातं असो की शेजार, तो कुणाच्या तरी रोजच्या श्रमावर उभा असतो. ते श्रम कुणी करायचे, ते मोजायचे की नाही, आणि करणाऱ्यानं एक दिवस नकार दिला तर काय, या प्रश्नांभोवती गेल्या सव्वाशे वर्षांतलं जपानी घर फिरत आलं आहे. या प्रस्तावनेपुढचे लेख वाचताना वाचकानं भावना किती आटल्या हे मोजत बसू नये. काम कुणाकडून कुणाकडे गेलं ते पाहावं, अशी माझी विनंती आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण आपण ज्याला जपानी परंपरा म्हणतो त्यातलं बरंचसं कायद्यानं घडवलेलं आहे. मेइजी सरकारनं १८७२ साली देशभर कुटुंबवार नोंदवह्या केल्या. माणूस एकटा म्हणून नोंदला गेला नाही, तर अमुक घराचा घटक म्हणून नोंदला गेला. १८९८ च्या नागरी कायद्यानं त्या घराला कर्ता दिला. घराण्याचं कर्तेपण आणि मालमत्ता थोरल्या मुलाकडे जायची. घरातल्या कुणाचंही लग्न कर्त्याच्या संमतीशिवाय रीतसर होत नसे. लग्न झालेल्या स्त्रीला महत्त्वाचे आर्थिक व्यवहार करायला नवऱ्याची परवानगी लागे. मुळात ही रीत सामुराई घराण्यांची. शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांत प्रांताप्रांतानुसार वेगवेगळ्या चाली होत्या. काही ठिकाणी थोरली मुलगी घर पुढे न्यायची, काही ठिकाणी धाकटा मुलगा आईबापांपाशी राहायचा. कायद्यानं साऱ्या देशाला एकच साचा दिला, आणि दोन पिढ्यांत लोकांना तो अनादी वाटू लागला.

या घरात रक्तापेक्षा घराचं सातत्य मोठं होतं. मुलगा नसेल, किंवा असून नालायक असेल, तर मुलीसाठी कर्तबगार जावई शोधायचा, त्याला दत्तक घ्यायचं, आपलं आडनाव द्यायचं आणि घर, दुकान, सारं त्याच्या हाती सोपवायचं. आपल्याकडे घरजावयाला टोमणे खावे लागतात. जपानी दत्तक जावई कायद्यानं मुलगाच होतो. भारतातल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मारुतीमागचे ओसामु सुझुकी जन्मानं मात्सुदा होते. १९५८ मध्ये ते सुझुकी घराण्याचे जावई झाले, त्यांनी ते नाव घेतलं आणि पुढे कितीतरी दशकं ती कंपनी चालवली. २०२४ च्या अखेरीस ते वारले. भारतानं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. जपानमध्ये दत्तक घेतलं जाण्याच्या घटनांमध्ये मोठा वाटा आजही प्रौढांचाच असतो, ही गोष्ट आपल्या वाचकाला नवी वाटेल.

घर असं बांधलेलं, तशी गावंही बांधलेली. शिराकावागो या डोंगरी खोऱ्यातली उंच, गवती छपरांची घरं आता जागतिक वारशात आहेत आणि तिथे पर्यटकांची रीघ असते. त्या छपराचं गवत तीसेक वर्षांनी बदलावं लागतं आणि ते एका घराच्या आवाक्यातलं काम नाही. सारा गाव जमतो, शे-दोनशे माणसं छपरावर चढतात आणि एक-दोन दिवसांत काम उरकतं. या परस्परमदतीचं कौतुक खूप होतं. तिच्या वहीबद्दल मात्र कमी बोललं जातं. कुणाच्या छपराला कोण किती दिवस राबलं, किती गवत, किती दोर दिले, याची नोंद ठेवली जायची, आणि तीस वर्षांनी का होईना, परतफेड व्हायची. जो घेऊन देत नसे त्याला गाव वाळीत टाकायचं. अशा घराशी बाकी सगळे व्यवहार बंद व्हायचे. फक्त आग लागली किंवा कुणी गेलं तरच शेजारी यायचे. माया त्या खोऱ्यात होतीच, पण छप्पर हिशेबावर शेकारलं जात होतं. मला यात काही उणं वाटत नाही. मोजलेले श्रम निदान दिसतात तरी. त्याच छपराखाली सुनेनं केलेले श्रम मात्र कुठल्याच वहीत चढले नाहीत.

शेजाराचा उपयोग सरकारलाही कळला होता. १९४० साली गृहखात्याच्या आदेशानं देशभर दहा-दहा घरांचे गट पाडले गेले. रेशन गटामार्फत, हवाई हल्ल्याच्या वेळी बादल्यांची रांग गटामार्फत, युद्धरोखे गटामार्फत, आणि कोण काय बोलतं यावर नजरही गटामार्फतच. एका घरातून दुसऱ्या घरात फिरणारं सूचनापत्रक त्या काळात सर्वदूर पोचलं. युद्धानंतर, १९४७ मध्ये, देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनानं हे गट बरखास्त केले. ताबा संपल्यावर वस्तीवस्तीत रहिवासी मंडळं पुन्हा उघडपणे उभी राहिली आणि ती आजही आहेत. चिमट्याच्या पुठ्ठ्यावर लावलेली पत्रकं अजून फिरतात. अमुक तारखेला गटार सफाई, शाळेतला भूकंपाचा सराव, अमक्या घरी दुःखद निधन. वाचायचं, सोबतच्या कागदावर आपल्या नावासमोर शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात नेऊन द्यायचं. कचरा टाकायची जागा हे मंडळाचं दुसरं राज्य. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून वर जाळं कुणी घालायचं आणि गाडी गेल्यावर जागा कुणी धुवायची, याची पाळी घरोघर फिरते. मंडळाचे अध्यक्ष बहुतेक ठिकाणी निवृत्त गृहस्थ असतात. जाळं घालणाऱ्या आणि जागा धुणाऱ्या बहुतेक बायका असतात.

१९४७ हे वर्ष आणखी एका कारणानं महत्त्वाचं आहे. नव्या राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमानं लग्न हा दोघांच्या संमतीचा आणि बरोबरीचा मामला केला. त्या कलमाचा पहिला मसुदा बेआटे सिरोटा या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणीनं लिहिला होता. तिचं बालपण टोकियोत गेलं होतं आणि मनाविरुद्ध लग्न लावलेल्या मुली तिनं जवळून पाहिल्या होत्या. नागरी कायदाही बदलला. कर्ता गेला, थोरल्याचा एकाधिकार गेला, मुलींना वारसा मिळाला. कागदावर जुनं घर संपलं. कुटुंबवार नोंदवही मात्र राहिली, फक्त आता तिच्या एका पानावर नवरा-बायको आणि त्यांची अविवाहित मुलं एवढीच असतात. आणि पान एक म्हणून आडनावही एकच. नवऱ्याचं घ्या किंवा बायकोचं, कायदा दोन्हीला सारखाच राजी आहे. प्रत्यक्षात शंभरातल्या सुमारे पंचाण्णव लग्नांत बायकोच नाव बदलते. ही सक्ती घटनेविरुद्ध आहे असं म्हणत लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये न्यायालयानं कायदा कायम ठेवला आणि बदल करायचा तर संसदेनं करावा असं सांगितलं.

कायद्यानं जे अर्धवट सोडलं ते रेल्वेनं आणि घरबांधणीनं पुढे नेलं. १९५४ च्या वसंतात आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्थानकाकडे एक खास गाडी सुटली. तिच्यात नुकती माध्यमिक शाळा संपवलेली, पंधरा वर्षांची मुलं होती. एकवीस तासांच्या प्रवासानंतर फलाटावर मालक आणि दुकानदार त्यांना न्यायला उभे होते. अशा गाड्या पुढे वीस वर्षं धावत राहिल्या. जमीन थोरल्याकडे, तेव्हा धाकट्यांनी शहर गाठायचं, ही जुनीच रीत; आता शहराला त्यांची भूक लागली होती. १९५५ मध्ये सरकारनं घरबांधणी महामंडळ काढलं आणि शहरांच्या कडेला काँक्रीटच्या वसाहती उभ्या राहिल्या. दोन खोल्या आणि जेवणाचं टेबल मावेल एवढं स्वयंपाकघर, स्टेनलेस स्टीलचं सिंक, घरातच न्हाणी आणि कुलूप लागणारं लोखंडी दार. १९६० मध्ये युवराज अकिहितो आणि मिचिको यांनी टोकियोजवळच्या हिबारिगाओका वसाहतीला भेट दिली, इतकी या घरांची नवलाई होती. सासूच्या नजरेखालून सुटून आपल्या टेबलावर आपल्या चवीचं वाढणाऱ्या तरुण बायकांसाठी ते लोखंडी दार स्वातंत्र्याचं होतं, हे नंतरच्या दुःखांच्या नादात विसरू नये. फक्त त्या दोन खोल्यांत म्हाताऱ्यांना जागा नव्हती.

आपल्या मुलांना हे घर चांगलं ओळखीचं आहे. शिनचॅन हिंदी बोलत आपल्या दिवाणखान्यांत येतो, तेव्हा त्याच्या मागे जे घर दिसतं ते याच काळाचं वारस आहे. सायतामातल्या कासुकाबे या उपनगरात छोटं घर, घराच्या कर्जाचे हप्ते, रोज गर्दीच्या गाडीनं टोकियोला जाणारा बाप, दिवसभर घरात असणारी आई. बाप मूळचा उत्तरेकडच्या आकिताचा, आई पार दक्षिणेच्या कुमामोतोची. आजी-आजोबा देशाच्या दोन टोकांना आणि वर्षातून क्वचित येणारे. १९९० साली सुरू झालेल्या या चित्रकथेत विनोद म्हणून जे येतं ते एका पिढीचं रोजचं जगणं होतं. नवऱ्यानं पगार आणून बायकोच्या हाती द्यायचा आणि तिनं त्यातून त्याला महिन्याचा हातखर्च काढून द्यायचा, हेही तसंच. घराच्या पैशांवर बायकोची सत्ता असते हे खरं आहे. पण तो पैसा मिळवायची वाट तिच्यासाठी अरुंद ठेवली होती, हेही तितकंच खरं आहे. १९६१ मध्ये बायको न कमावणाऱ्या नवऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळाली. १९८६ पासून पगारदाराच्या घरी राहणाऱ्या पत्नीला हप्ता न भरता निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. ठरावीक रकमेच्या वर कमावलं की या सवलती कमी होत किंवा जात. म्हणून लाखो बायका वर्षअखेरीला कामाचे तास मोजून घरी बसत. गंमत अशी की नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदाही त्याच १९८६ मध्ये अमलात आला. सरकार एका हातानं दार उघडत होतं आणि दुसऱ्यानं ओढून घेत होतं.

बाप कंपनीचा झाला. कंपनीची घरं, कंपनीचा कुटुंबभत्ता, कंपनीची सहल, संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबर पिणं. त्याचा शेजार कचेरीत होता. राहत्या वस्तीत तो पाहुणाच होता. शाळेच्या पालक संघात आई, रहिवासी मंडळाच्या पाळीत आई, सासरच्या थडग्यावर पाणी घालायला आई. हे सारं एका माणसावर टेकवून जपाननं आपली भरभराटीची दशकं काढली.

त्यातला सगळ्यात जड भाग म्हाताऱ्यांच्या सेवेचा होता, आणि या प्रस्तावनेत मला इथे जास्त थांबायचं आहे. सावाको आरियोशी यांची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी १९७२ साली आली. सासऱ्याची स्मृती हरवत जाते, तो रात्री-अपरात्री घराबाहेर पडतो आणि नोकरी करणारी सून त्याच्यामागे धावते. एरवी तिच्याशी कधी धड न बोललेला तो म्हातारा आता पोटच्या मुलाला ओळखत नाही, पण तिला ओळखतो. पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. जे घरोघर चाललं होतं आणि ज्याला घराबाहेर तोंड नव्हतं, ते त्या पानांवर आलं. सरकारचा प्रतिसाद मात्र निराळा होता. १९७८ च्या आरोग्य-कल्याण खात्याच्या श्वेतपत्रिकेत, मुलांसोबत राहणारे वृद्ध हे देशाच्या कल्याणव्यवस्थेचं दडलेलं भांडवल आहे, अशा अर्थाचं प्रतिपादन होतं. हे भांडवल म्हणजे सुनांचे हात होते. ताळेबंदात त्यांना किंमत नव्हती.

केइको हिगुची आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८३ मध्ये वृद्धसमाज सुधारण्यासाठी स्त्रियांची संघटना काढली आणि वर्षानुवर्षं एकच गोष्ट लावून धरली. सेवा ही सुनेच्या सद्गुणांवर सोडायची गोष्ट नाही, ती समाजानं मिळून उचलायची जबाबदारी आहे. मुलांनी आईबापांची सेवा करणं ही सुंदर परंपरा मोडू नका, असं सांगणारे राजकारणी शेवटपर्यंत आडवे आले. तरीही एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला. चाळिशीनंतर प्रत्येकानं हप्ता भरायचा, आणि म्हातारपणी गरज पडली की तपासणी होऊन गरजेची पातळी ठरते. मग एक नियोजक घरी येऊन आठवड्याचं वेळापत्रक आखतो. दोन दिवस सकाळी गाडी न्यायला येते, दिवसभर दुसरीकडे आंघोळ, जेवण, व्यायाम. एक दिवस मदतनीस घरी येते. महिन्यातून काही रात्री आजी केंद्रावर राहते आणि घरचे झोप घेतात. सकाळी साडेआठ-नऊला गल्लीबोळांतून फिरणाऱ्या पांढऱ्या गाड्या आता जपानी वस्तीचा भागच झाल्या आहेत. त्या गाडीत चाकाची खुर्ची चढवणारा हात पगारी आहे, त्याला प्रशिक्षण आहे, त्याला सुट्टी आहे. मला ही विसाव्या शतकाच्या शेवटची जपानची एक थोर सामाजिक कामगिरी वाटते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ मध्ये काळजी लागणाऱ्या माणसांत, घरातली सून किंवा जावई मुख्य सेवेकरी असलेल्यांचं प्रमाण बावीस टक्क्यांच्या वर होतं, आणि त्यात जावई नावालाच. २०१९ मध्ये ते साडेसात टक्क्यांवर आलं. मुलगे आता स्वतःच्या आईचं अंग पुसतात, म्हातारे नवरे बायकोचे डायपर बदलतात. सारं सुरळीत झालं असं नाही. सेवेसाठी नोकरी सोडणारी माणसं वर्षाला लाखाच्या घरात आहेत, मदतनीसांचे पगार कमी आहेत आणि माणसं मिळत नाहीत. पण काम दिसू लागलं आणि त्याला किंमत आली. २०१९ च्या जुलैपासून, वारसाहक्क नसलेल्या सुनेनं सासऱ्याची फुकट सेवा केली असेल तर ती त्याच्या वारसांकडे पैशाची मागणी करू शकते. दुसऱ्या बाजूला, नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासरच्यांशी असलेलं नातं एका अर्जानं संपवणाऱ्या विधवांची संख्या २०१७ पर्यंतच्या दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाली. त्यासाठी सासरची परवानगी लागत नाही. जुन्या लोकांना हे निष्ठुर वाटतं. चाळीस वर्षं राबलेल्या बाईला, आता सासरच्या थडग्यात जायचं नाही असं म्हणता येतं, यात मला निष्ठुरपणा दिसत नाही.

पुरुष बदलतो आहे, पण सावकाश. २०२१ च्या सरकारी पाहणीत सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायको रोज सरासरी ७ तास २८ मिनिटं घरकामात आणि मुलांत घालवत होती, नवरा १ तास ५४ मिनिटं. बापाला बालसंगोपनाची रजा घ्यायचा हक्क १९९२ पासून आहे. १९९६ मध्ये ती घेणारे बाप ०.१२ टक्के होते. २०२३ मध्ये तीस टक्क्यांवर गेले आणि पुढच्या वर्षी चाळीसवर. यातल्या कित्येकांची रजा दोन-चार आठवड्यांची असते, तेव्हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तरी, बाळाला छातीशी बांधून दुपारी दोन वाजता पाळणाघराच्या दारात उभा असलेला तरुण, त्याच्या बापाला कधी दिसला नसता असं दृश्य आहे.

लग्न आणि मुलं यांबद्दलचे आकडे वाचकानं वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचले असतील, म्हणून थोडक्यात. १९५५ च्या सुमारास जपानी घरात सरासरी पाच माणसं होती, २०२० च्या जनगणनेत २.२१. शंभरातली अडतीस घरं एकट्या माणसाची. पन्नाशीपर्यंत कधीच लग्न न केलेले पुरुष अठ्ठावीस टक्के, स्त्रिया जवळपास अठरा. २०२४ मध्ये जन्मलेली जपानी मुलं सात लाखांहून कमी. याला तरुणांचा स्वार्थ म्हणणारे जपानमध्येही आहेत. तासन्‌तास कचेरीत अडकवणारी नोकरी, आणि लग्न म्हणजे वर सांगितलेलं सारं काम आपल्या गळ्यात, हे ओळखून असलेल्या मुली, अशी कारणं मला त्याहून पटतात.

मग एकट्या घरांचं काय? मात्सुदो शहरातल्या तोकिवादाइरा या वसाहतीत २००० साली एका भाडेकरूचा सांगाडा सापडला. मृत्यू होऊन तीन वर्षं झाली होती. भाडं आणि बिलं बँकेतून आपोआप वळती होत होती. खातं रिकामं झालं तेव्हा कुणीतरी दार वाजवलं. लोखंडी दाराची दुसरी बाजू ही. १९६० च्या सुमारास तरुण जोडप्यांनी भरलेली ती वसाहत आता म्हातारी झाली होती. तिथल्या रहिवाशांनी शरमून गप्प बसण्याऐवजी काम वाटून घेतलं. दाराच्या फटीत वर्तमानपत्रं साठलेली दिसली तर पेपरवाल्यानं कळवायचं, दार उघडायची वेळ आली तर कुलूपवाल्यानं यायचं, शेजाऱ्यांनी कुठे फोन करायचा तो नंबर ठरला. शंभर येन टाकून जाऊन बसता येईल, कॉफी पिता येईल अशी खोली वसाहतीत उघडली. देशभराचं चित्र अजून कठीणच आहे. २०२४ मध्ये घरात एकटं राहत असताना मेलेल्या ७६,०२० माणसांची नोंद पोलिसांकडे झाली. चारांतले तीन पासष्टीपुढचे होते. त्यातले पुष्कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सापडले, काहींना मुलंबाळंही होती, तेव्हा या सगळ्यांना बेवारस म्हणता येणार नाही. पण प्रत्येक ठिकाणी दार कुणी वाजवायचं हा प्रश्न होताच.

दार वाजवणारी नवी माणसं कुठून येतात याचं उदाहरण टोकियोच्या ओता भागात आहे. हिरोको कोंदो तिथे भाजीचं छोटं दुकान चालवत. जवळच्या शाळेतल्या एका मुलाची आई आजारी असते आणि शाळेतलं जेवण सोडलं तर तो केळ्यावर दिवस काढतो, हे त्यांच्या कानावर आलं. २०१२ मध्ये त्यांनी दुकानातच मुलांसाठी जेवणाची पंगत सुरू केली. मूल एकटं आलं तरी चालेल, कारण विचारायचं नाही. अशा पंगती २०२४ पर्यंत देशभर दहा हजारांवर गेल्या. तिथे शाळकरी मुलं येतात, नोकरीवरून थेट आलेल्या एकट्या आया येतात, आणि कांदे चिरायला शेजारच्या निवृत्त आजीआजोबांना बोलावणं असतं. रहिवासी मंडळानं सोपवलेली सक्तीची पाळी नाही, सरकारी हुकूम नाही, सासरचं कर्तव्य नाही. ज्यांना करावंसं वाटलं त्यांनी सुरू केलं. सरकारनं मुलांच्या भुकेची जबाबदारी या स्वयंसेवकांवर ढकलू नये, ही टीका रास्त आहे, आणि १९७८ च्या त्या श्वेतपत्रिकेची आठवण असणाऱ्यांनी ती करत राहायला हवी.

मेल्यानंतरच्या घराचंही असंच. घराण्याच्या एका दगडाखाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या अस्थी, आणि तो दगड उन्हाळ्यातल्या पितरांच्या सणाला धुवायला थोरला मुलगा व सून, ही रीत सांभाळायला माणूस उरला नाही. लोक गावचं थडगं बंद करून अस्थी शहराजवळ आणतात. अशी स्थलांतरं आता वर्षाला दीड लाखावर आहेत. १९९९ मध्ये इवाते प्रांतातल्या एका मठानं दगडाऐवजी झाडाखाली अस्थी पुरायची सोय केली आणि ती लगेच पसरली. काही सामायिक दफनभूमींत आधीच नाव नोंदवलेली माणसं जिवंतपणी एकमेकांना भेटतात, सहली काढतात, आजारपणात विचारपूस करतात. पुढे शेजारी असणार आहोत तर ओळख आधीच का करून घेऊ नये, असा त्यांचा साधा विचार आहे. त्यांत विधवा आहेत, अविवाहित आहेत, आणि नवऱ्याच्या घराण्याच्या दगडाखाली जायचं नाही म्हणून आलेल्या बायकाही आहेत.

आता या घरांच्या शेजारी नवे लोक राहायला आले आहेत. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये साडेसदतीस लाखांहून जास्त परदेशी रहिवासी होते. टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. मराठी मातृभाषेचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच एदोगावाच्या सभेवर निवडून आले. फिरत्या पत्रकाचा तो पुठ्ठा, कचऱ्याचे वार, भूकंपाचा सराव आता आपल्याही माणसांच्या दारात पोचतो. कावागुचीतल्या शिबाझोनो वसाहतीत निम्म्याहून जास्त रहिवासी परदेशी, मुख्यतः चिनी आहेत. ते तरुण आहेत, लेकुरवाळे आहेत. जपानी रहिवासी बहुतेक वृद्ध. तिथला उन्हाळी उत्सव रहिवासी मंडळ भरवतं. नाचायला, खायला सगळी वसाहत येते. मचाण उभारायला आणि दुसऱ्या दिवशी मैदान झाडायला मात्र सत्तरीतले तेच ते गृहस्थ आणि त्यांच्या बायका, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं ऐकू येत होती. विद्यार्थ्यांच्या एका गटानं मध्ये पडून दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवायला सुरुवात केली. तरुण बाप रात्री उशिरा कामावरून येतात, त्यांना मंडळाच्या बैठकीची वेळ जमत नाही. त्यांच्या बायकांना भाषा जमत नाही. वृद्धांना मचाणाच्या बांबूंचं ओझं पेलत नाही. बैठकीची वेळ बदलायची का, पत्रकं दोन भाषांत काढायची का, आणि पुढच्या वर्षी मचाणाला दोर कुणी बांधायचा, हे प्रश्न अशा वसाहतींपुढे आहेत.